लेकरांनो, हात लावा!

१ फेब्रुवारी २०२५ला केंद्राचा अर्थसंकल्प सादर झाला, तेव्हा आमच्या बचत गटाच्या बैठकीत चर्चा एकाच गोष्टीची होती. बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही! ज्यांच्या घरात वर्षाला दोन लाखसुद्धा येत नाहीत, त्याही हिरिरीनं बोलत होत्या. चालायचंच. पण त्याच भाषणात आणखी एक घोषणा होती आणि ती खरं तर आपल्या उंबऱ्यापर्यंत येणारी होती. पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभारणार, असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या. मी हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, “ताई, टिंकरिंग म्हणजे काय?” म्हटलं, घरातलं पोरगं बिघडलेला मिक्सर उघडून बसतं, स्क्रू काढतं, परत लावतं आणि शेवटी एखादा स्क्रू हातात उरतोच, ते टिंकरिंग. “त्याला तर आम्ही उचापती म्हणतो,” ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मैत्रिणींनो, हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

ही योजना २०१६पासूनची आहे. निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यातले दहा लाख लॅब उभी करायला आणि उरलेले पाच वर्षं ती चालवायला. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. थ्री-डी प्रिंटर, सेन्सर, छोट्या मोटारी, हत्यारं असं बरंच काही त्यात येतं. पहिल्या टप्प्यात देशातल्या दहा हजार शाळांना त्या मिळाल्या. कागदावर सगळं छानच आहे. पण कामाच्या निमित्तानं माझं शाळांमध्ये जाणं होतं आणि तिथं दिसतं ते वेगळं असतं. एका शाळेत, नाव कशाला घेऊ, प्रयोगाच्या सामानावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. खोलीला कुलूप, किल्ली ऑफिसच्या कपाटात. “मॅडम, मुलं मोडतील हो,” सर म्हणाले.

सरांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. त्यांची बाजूही बघा. आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. मोडली तर शिक्षकाला जाब. पण न वापरता पाच वर्षं पडून राहिली तर जाब कुणालाच नाही! मग शहाणा माणूस काय करेल? कुलूपच लावेल. आमच्या घरात आजीनं जपलेला काचेचा टी-सेट असाच कपाटात राहिला, पाहुण्यांनाही कधी मिळाला नाही. म्हणजे दोष एका सरांचा नसून हिशेबाच्या रीतीचा आहे. वस्तू वापरून झिजली तर ती नासधूस नाही, वापर आहे, हे आपल्या सरकारी वह्यांना अजून मान्य नाही. ५० हजार काय, पाच लाख लॅब काढल्या तरी हा रिवाज बदलला नाही तर कुलपं तेवढी वाढतील.

याच्या अगदी उलट रीत पाळणारी जागा म्हणजे विज्ञान केंद्र. संग्रहालयात पाटी असते, ‘वस्तूंना हात लावू नये’. इथं पाटी असते, दांडा फिरवा, बटण दाबा, दोरी ओढा. आपल्या देशात याची सुरुवात कोलकात्यात झाली. १९५९मध्ये बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय सुरू झालं. १९७८मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली आणि तिच्यामार्फत ठिकठिकाणी केंद्रं निघाली. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५मध्ये पूर्ण रूपात उघडलं, नागपूरचं रामन विज्ञान केंद्र १९९२मध्ये. मग सोलापूर, पिंपरी-चिंचवड. पिंपरी-चिंचवडचं सायन्स पार्क २०१३चं आहे. आता नकाशावर जालना शोधा. मुंबई रेल्वेनं चारशे किलोमीटरच्या पुढं, नागपूरही जवळ नाही. जवळचं म्हणावं तर छत्रपती संभाजीनगरला एम.जी.एम.च्या आवारात डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावाचं अंतराळ विज्ञान केंद्र आहे, साठेक किलोमीटरवर.

मागं एकदा आम्ही गटातल्या बायका आणि लेकरं मिळून मुंबईला गेलो होतो. रात्रीची देवगिरी धरली, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, चौपाटी हे ठरलेलं होतंच. मी हट्टानं वरळीचं विज्ञान केंद्र त्यात घातलं. आवारात जुनं वाफेचं इंजिन, ट्रामचा डबा, मरुत विमान. लेकरं आधी त्यावरच तुटून पडली. आत गेल्यावर तर कुणी कुणाला सापडेना. हवेच्या झोतावर अधांतरी तरंगणारा चेंडू, लांबवर समोरासमोर ठेवलेल्या दोन मोठ्या वाट्या. एकीजवळ कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. (आमच्यातल्या दोघी सासूबाईंबद्दल जे बोलल्या ते पलीकडं सासूबाईंनीच ऐकलं. पुढचं लिहीत नाही.)

एका ठिकाणी वक्रनळीचा प्रयोग होता. वरच्या भांड्यातलं पाणी नळीतून आधी काठावर चढतं आणि मग खालच्या भांड्यात आपोआप येत राहतं. तिथली समजावून सांगणारी मुलगी हिंदीतून सांगत होती. आमच्या मावशी, शाळा चौथीपर्यंत, पटकन म्हणाल्या, “यात काय मोठं? टँकर आलं की ड्रमातून पाणी आम्ही असंच काढतो. नळी तोंडानं ओढायची न् खाली सोडायची.” ती मुलगी हुशार. ती म्हणाली, मग तुम्हीच सांगा ना या मुलांना. आणि मावशींनी समोरच्या शहरातल्या लेकरांना सांगितलं की नळीचं खालचं टोक पाण्याच्या पातळीच्या खालीच पाहिजे, नाहीतर धार तुटते, आणि मध्ये हवा शिरली तर पुन्हा ओढावं लागतं. चूक एक शब्द नाही. बाहेरच्या लांब बाजूतल्या पाण्याचं वजन जास्त, म्हणून ते मागच्याला ओढत राहतं, एवढं त्या मुलीनं जोडलं. दुष्काळानं जालन्याच्या बायकांना शिकवलेलं विज्ञान मुंबईत काचेच्या भांड्यात मांडलेलं होतं!

मला तेव्हापासून वाटतं की अशी केंद्रं लेकरांइतकीच त्यांच्या आयांसाठी आहेत. पण आपल्याकडं शाळेची सहल जाते तेव्हा आई डबा करून देते आणि घरी राहते. सहलीचंही काय सांगावं! दोन बसभर मुलं, सरांच्या तोंडात शिट्टी, रांगेत आत, रांगेत बाहेर, कारण पुढं वॉटरपार्क आहे. तासाभरात सगळं उरकायचं. मी बाजूला उभी राहून बघत होते. बटणं मुलगे दाबत होते आणि मुली पाटीवरची माहिती वहीत उतरवून घेत होत्या. का? तर नंतर ‘सहलीचा अहवाल’ लिहायचाय आणि अक्षर मुलींचं चांगलं! हात लावायची जागा आणि हात लिहिण्यात गुंतलेले. मुलींना कुणी मनाई केली नव्हती. पण गर्दीत धक्का मारून पुढं जायचं नाही, हे आपण त्यांना तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून शिकवतो, ते तिथं दिसतं. पुढं दहावीनंतर ‘तिला सायन्स झेपणार नाही’ असं घरात ठरतं, त्याची मुळं मला त्या रांगेत दिसली.

आता जरा दूरची गोष्ट. ‘ओपनहायमर’ हा सिनेमा २०२३मध्ये गाजला, अणुबॉम्बवाल्या शास्त्रज्ञाचा. त्यांचा धाकटा भाऊ फ्रँक, तोही शास्त्रज्ञच. कम्युनिस्ट पक्षाशी जुना संबंध निघाला म्हणून १९४९मध्ये विद्यापीठातली नोकरी गेली. मग गडी कोलोरॅडोत गुरं राखायला लागला आणि पुढं तिथल्याच खेड्यातल्या शाळेत शिकवायला लागला. शाळेत सामान कुठलं असणार? तो मुलांना घेऊन भंगाराच्या ढिगाऱ्यावर जायचा आणि टाकलेल्या यंत्रांचे भाग काढून त्यातून विज्ञान शिकवायचा. याच माणसानं १९६९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ काढलं आणि आज जगभर जी हात लावायची विज्ञान केंद्रं आहेत त्यातली कितीतरी त्याच्याच वळणावर गेली.

भंगार म्हटलं की मला आपलं जालनाच आठवतं. जालन्याचं स्टील देशभर जातं, पण ते होतं कशाचं? जुन्या लोखंडाचं. ट्रकच्या ट्रक भंगार येतं आणि इंडक्शन भट्टीत वितळतं. या भट्टीत जाळ नसतो. तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं, ते वितळू नये म्हणून त्यातून पाणी फिरवतात, आणि वेटोळ्यातून उलटसुलट धावणारी वीज सोडली की मधल्या लोखंडात आपोआप वीज खेळायला लागते. त्या विजेनंच लोखंड तापतं आणि दीड हजार अंशांच्या पुढं जाऊन पाण्यासारखं होतं. आपल्या ओट्यावरची इंडक्शन शेगडी म्हणजे तीच भट्टी, लहान रूपात. म्हणून तर तिच्यावर लोखंडी तवा तापतो आणि ॲल्युमिनियमचं पातेलं थंड राहतं. हा नियम शोधला मायकेल फॅरेडेनं, १८३१मध्ये. फॅरेडे एका लोहाराचा मुलगा. शिक्षण जेमतेम, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला.

जालन्याच्या किती घरांतला कर्ता माणूस भट्टीवर कामाला जातो! त्यांच्या लेकरांना हे शाळेत कुणी सांगतं का? आणि हे नुसतं हौसेचं ज्ञान नाही. ऑगस्ट २०२४मध्ये आपल्या एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्यात स्फोट होऊन कितीतरी कामगार भाजले. त्या रात्री दवाखान्याबाहेर ज्या बायका बसल्या असतील, त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. भट्टीच्या कामात एक धोका कायमचा असतो. भंगारात एखादा बंद डबा किंवा ओलं सामान आलं आणि ते तसंच वितळलेल्या लोखंडात पडलं, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. भाकरी फुगते ती याच कारणानं, कुकरची शिट्टी उडते तीही. भाकरीत ती वाफ पापुद्रा उचलते, भट्टीत वितळलेलं लोखंड उडवते. ज्या घरातल्या लेकराला हे समजलं, ते बापाला विचारेल, “बाबा, तुमच्याकडं भंगार कोरडं करून टाकतात का? तोंडावर जाळी घालता का?” त्या घरातली बाई चेहऱ्याच्या ढालीसाठी आणि बुटांसाठी मालकाच्या दारात उभी राहील. विज्ञान केंद्रात भट्टीचं एक छोटं मॉडेल आणि शेजारी एक कुकर, एवढं जरी ठेवलं तरी जालन्याच्या माणसांना आपलं वाटेल.

पाण्याचं तसंच. निजामाच्या काळातला घाणेवाडी तलाव बघा. तिथलं पाणी शहरात आलं ते उतारानं, विजेचा पंप न लावता. कुणा इंजिनिअरनं उंची-सखल मोजून ते केलं. आज आपण बटण दाबून मोटार लावतो आणि लाइट गेली की डोक्याला हात लावून बसतो. कडवंचीच्या लोकांनी पाणलोटाचं काम करून द्राक्षबागा उभ्या केल्या, ते बघायला बाहेरून माणसं येतात. आपल्याकडची बियाणं, मोसंबी, स्टील, पाणी यातलं विज्ञान गोळा केलं तर दालनं कमी पडतील. सिरसवाडीला मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे आयसीटीचा, मराठवाडा परिसर २०१८पासून आहे. तिथं मोठी मुलं इंजिनिअर होतात. त्यांना महिन्यातून एक दिवस लेकरांसमोर उभं केलं तर?

आता पैशाचा प्रश्न. विज्ञान केंद्र म्हटलं की आपल्या पुढाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घुमट येतो, कोनशिला येते, फीत येते. बांधायला निधी मिळतो, कारण बांधकामाला ठेकेदार असतो. दोन वर्षांनी चेंडू उडवणारा पंखा बंद पडतो, त्याला दोन हजारांची दुरुस्ती हवी असते आणि तिला कुठलंच ‘हेड’ नसतं. मग ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लागते. हात लावायच्या वस्तू मोडणारच, त्या मोडायलाच असतात असं धरून रोजच्या दुरुस्तीचा माणूस आणि पैसा आधी ठरवला तरच असलं केंद्र चालतं. म्हणून घुमटाच्या आधी एक साधी खोली मागावी असं माझं मत आहे.

साध्या खोलीचा उत्तम नमुना पुण्याला आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली, म्हणून इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. तिथं अरविंद गुप्तांनी कितीतरी वर्षं काम केलं. आयआयटीतून इंजिनिअर झालेला हा माणूस १९७८मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यातल्या शाळांत गेला आणि तिथं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार करायला लागला. पुढं स्ट्रॉ, रिकाम्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रं, तुटक्या चपला, सगळ्याची खेळणी. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत, मोबाइलवर फुकट बघता येतात. आपल्या घरातला मोबाइल तसाही लेकरांच्याच हातात असतो! तिथं नाव टाइप करून द्यायचं, एक स्ट्रॉ न् कात्री द्यायची आणि पसाऱ्याला ओरडायचं नाही. सुटीतल्या दुपारी आम्ही समाजमंदिरात हा उद्योग करून बघितला. खर्च जवळजवळ काही नाही, डिंकाची बाटली तेवढी आणावी लागली. स्ट्रॉच्या पिपाण्यांनी शेजारच्या काकांची झोप उडाली, ती तक्रार मात्र आली.

आयुका उभी करणारे डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ला गेले. मुलं त्यांच्याकडं सही मागायला यायची तेव्हा ते सही देत नसत. म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. एवढ्या मोठ्या माणसानं खेड्यातल्या लेकराच्या पोस्टकार्डाला उत्तर द्यायचं! आपल्याकडं प्रश्न विचारणाऱ्या मुलीला काय मिळतं ते सांगायला नको.

२८ फेब्रुवारीला शाळाशाळांत विज्ञान दिन होतो, सर सी. व्ही. रामन यांच्या फोटोला हार घालतात. घालावाच, माणूस नोबेलचा मानकरी. पण त्या दिवशी मुलींना आणखी एक नाव सांगायला हवं, कमला सोहोनी. लग्नाआधीच्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश नाकारला तो रामन यांनीच, कारण एकच, मुलगी आहे. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून वर्षभर परीक्षेवर घेतलं. पुढं त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९मध्ये विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. नीरेच्या पोषणमूल्यांवर त्यांनी काम केलं आणि नंतर ग्राहक चळवळीत उतरून भेसळीविरुद्ध लिहिलं. प्रयोगशाळेतली बाई आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आली ती अशी. दुधात किंवा खव्यात पीठ घातलंय का हे बघायचं तर थोडं गरम करून, गार झाल्यावर टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाकायचे. निळं झालं की समजायचं. दिवाळीच्या आधी हा प्रयोग आम्ही गटात करतो तेव्हा मुलींनाच पुढं बसवतो, थेंब त्यांनीच टाकायचे आणि वही मुलांच्या हातात द्यायची.

मग करायचं काय? दोन गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. मार्च २०२३पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. गटाच्या देवदर्शनाच्या सहलीत संभाजीनगरच्या केंद्राचा एक दिवस जोडायला अवघड नाही, फक्त आधी फोन करून वेळ ठरवायची आणि लेकरांइतकंच आपणही दांडे फिरवायचे. राष्ट्रीय परिषदेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या बसही असतात. एका विषयावरचे वीसेक प्रयोग घेऊन त्या थेट शाळेच्या अंगणात उभ्या राहतात. मुंबईच्या केंद्राला शाळेच्या नावानं पत्र पाठवून ती मागता येते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. आपल्यातल्या कितीतरी जणींचं नाव तिथं आहे आणि सही घ्यायला रजिस्टर घरी येतं. यापुढं रजिस्टर घरी आलं तर परत पाठवा आणि बैठकीला जा. तिथं तीनच प्रश्न विचारा. विज्ञानाच्या सामानाची किल्ली कुणाकडं असते, खोली आठवड्यातून कुठल्या वारी उघडते, आणि मोडलेलं सामान दुरुस्त करायला यंदा किती पैसे ठेवलेत. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि लिहिलेलं वाचूनच सही करा.